कर्नल साइक्स आणि दख्खनचा परीट

भाताची कापणी उरकली आणि थंडी पडू लागली की खासबाग-शहापूरकडील शेतांच्या बांधांवर एक चिमुकला पाहुणा उतरतो. राखी पाठ, पांढरे पोट, छातीवर काळा पट्टा आणि क्षणभरही स्वस्थ न राहणारी शेपटी. आपल्याकडे त्याला परीट किंवा धोबी म्हणतात. बारा महिने येथेच राहणारा काळ्या पाठीचा मोठा धोबी वेगळा. या राखी पाहुण्याचे शास्त्रीय नाव ‘मोटासिला आल्बा दुखुनेन्सिस’ असे आहे. दुखुनेन्सिस म्हणजे दख्खनचा. ‘दख्खन’ हा शब्द पक्षिशास्त्रात नेणारे गृहस्थ म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. पोरवयातच, १८०३ साली, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते, आणि १८१७ साली खडकी व पुणे येथे पेशव्यांविरुद्ध झालेल्या लढायांतही त्यांनी भाग घेतला. मराठी राज्याचा अस्त घडविणाऱ्या फौजेतील हा एक अधिकारी होता, हे विसरून त्यांच्या विद्याव्यासंगाकडे पाहता येणार नाही.

१८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांच्या वाट्याला आले. बेळगाव जिल्हा १८३६ साली वेगळा झाला. तोवर हा मुलूख धारवाडातच मोडत असे. जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान यांची टिपणे घेता घेता साइक्स पशुपक्ष्यांचे नमुनेही जमवीत गेले. काटकसरीचे कारण देऊन डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने हे पद रद्द केले. तरी त्यांनी अंगावर घेतलेले काम सोडले नाही. जानेवारी १८३१ मध्ये ते पूर्ण करूनच त्यांनी मायदेशची वाट धरली.

लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तांत १८३२ साली त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. तीत दोनशेहून अधिक पक्ष्यांची नोंद होती आणि त्यांतील कित्येक शास्त्राला सर्वस्वी नवे होते. नावे ठेवताना त्यांनी या भूमीचे दैवत, भाषा आणि राज्यकर्ते या तिघांनाही स्थान दिले. एका चंडोलाला ‘देवा’, सह्याद्रीतील काळ्या बुलबुलाला ‘गणीसा’ आणि एका वटवट्याला ‘रामा’ अशी नावे मिळाली. एका रातव्याला मराठ्यांच्या मुलखावरून नाव पडले. एल्फिन्स्टन यांचे नाव एका रानकबुतराला मिळाले. ज्यांच्या कारकिर्दीत साइक्स यांचे पद गेले, त्या सर जॉन माल्कम यांचेही नाव एका सातभाईला देण्यात आले! त्याआधी, १८३१ साली, मराठी मुलखातल्या कोळसुंद्यालाही त्यांनी दख्खनचेच नाव दिले होते. पक्ष्यांची देशी नावे सांगणारी माणसे येथलीच होती. पण त्यांच्यापैकी कोणाचे नाव पाखराला लागले नाही.

शास्त्रात नाव टिकते ते नमुन्याच्या आधारावर. ज्या पक्ष्यावरून प्रथम वर्णन केले, त्याचे पेंढा भरून जपलेले कातडे हा त्या नावाचा पुरावा ठरतो. पुढे मतभेद झाले तर निवाडा त्यावरूनच करावा लागतो. साइक्स यांचा संग्रह कंपनीच्या लंडनमधील संग्रहालयात गेला. ते १८७९ च्या सुमारास मोडले, तेव्हा तेथील पक्षी ब्रिटिश म्युझियमकडे आले आणि पुढे ट्रिंग येथे हलविण्यात आले.

परिटाची कहाणी मात्र मौजेची आहे. साइक्स यांना तो हिवाळ्यात दख्खनेत मिळाला म्हणून तो दख्खनचा ठरला. प्रत्यक्षात त्याची घरटी दूर उत्तरेस, पश्चिम सैबेरियाकडे. साइक्स यांनी त्याला स्वतंत्र जाती मानले होते. पुढे तो पांढऱ्या परिटाची एक उपजाती ठरला, आणि सलीम अली व रिप्ले यांच्या ग्रंथातही तो तसाच आहे. अलीकडे काही तज्ज्ञ त्याचे वेगळेपण पुरेसे नाही असे म्हणून त्याला लिनियसच्या १७५८ मधील ‘आल्बा’तच सामावून घेतात. उलट, एकेकाळी उपजाती समजले गेलेले ‘रामा’ आणि ‘गणीसा’ आता स्वतंत्र जातींच्या पदाला पोहोचले आहेत. शास्त्राच्या दरबारात अशी बढती आणि उतरणी चालायचीच. पण एकदा नोंदलेले नाव पुसले जात नाही. ते निदान पर्यायी नाव म्हणून यादीत राहतेच.

साइक्स पुढे १८४० मध्ये कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ मध्ये अध्यक्षपदी आले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते पार्लमेंटमध्ये ॲबर्डीनचे प्रतिनिधी होते. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची पदे आणि मानमरातब आज कोणाच्या स्मरणात नाहीत. टिकली ती त्यांनी केलेली नोंद. जुन्या दाखल-वहीतील एका ओळीचे मोल जाणणाऱ्या ग्रंथालयाच्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. यंदाच्या हिवाळ्यात बांधावर शेपटी नाचविणारा परीट दिसला, तर तो आपल्या मुलखाचे नाव घेऊन सैबेरियाहून आला आहे, एवढे ध्यानी ठेवावे.