रानातली परीक्षा

डाकोटा आदिवासींचा ओहियेसा १८५८ साली अमेरिकेतील मिनेसोटात जन्मला. आई लवकरच गेली. १८६२ च्या युद्धानंतर वडील फाशी गेले असे समजून आजी आणि चुलता त्याला कॅनडाच्या रानात घेऊन गेले. तीच त्याची शाळा. सकाळी निघताना चुलता सारे नीट पाहायला बजावी आणि सायंकाळी परीक्षा घेई : झाडाची साल कोणत्या बाजूस फिकट असते? तळ्यात मासे आहेत हे कशावरून ओळखावे? कधी निजलेल्या पोराच्या कानाशी युद्धाची आरोळी ठोकी. असे परीक्षक आपल्या विद्यापीठाला परवडायचे नाहीत!

पंधराव्या वर्षी वडील अवचित परतले, ख्रिस्ती होऊन. त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत घातले. १८९० मध्ये तो डॉ. चार्ल्स ईस्टमन झाला. त्याच डिसेंबरात वुंडेड नीच्या हत्याकांडातील जखमींवर त्यांना उपचार करावे लागले.

१९०२ मध्ये त्यांनी बालपणाच्या आठवणी लिहिल्या, १९१४ मध्ये बालवीरांसाठी रानविद्येचे पुस्तक. १९१५ पासून न्यू हॅम्पशायरात त्यांचे उन्हाळी शिबिर भरे. तिथे येत त्या गोऱ्यांच्या मुली. आदिवासी मुले मात्र वसतिशाळांत केस कापून, मातृभाषा गिळून बसलेली. अशा एका शाळेत ईस्टमननी स्वतःही काही काळ नोकरी केली होती.

अखेरच्या वर्षांतले उन्हाळे त्यांनी ह्यूरन सरोवराकाठी एका लाकडी खोपटात काढले. १९३९ मध्ये ते वारले.