विश्लेषण : ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ हे नाव कोणाचे? तो बसवण्यासाठी गिटार कोरावी का लागते?

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. अड्याळ-पवनीच्या पट्ट्यात रात्री दंडार किंवा नाटक असले की आवाज मैदानाच्या टोकापर्यंत नेण्याची जबाबदारी ध्वनिक्षेपकावर असते. तो बंद पडला तर ढोलकी कशीबशी ऐकू येईल, पण तारांचे वाद्य पहिल्या दोन-चार रांगांपुढे जाणार नाही. सुमारे ९० वर्षांपूर्वी अमेरिकेतील गिटारवादकांपुढे हीच अडचण होती. ती दूर झाल्यावर गिटार काय करू शकते, हे चार्ली ख्रिश्चन या तरुणाने दाखवले. तो जेमतेम २५ वर्षे जगला. आज वेगळा पिकअप बसवण्यासाठी गिटार उघडणाऱ्यांना त्याचे नाव हमखास भेटते.

पिकअप म्हणजे काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, म्हणजे पिकअप. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि तांब्याच्या तारेत क्षीण वीज निर्माण होते. अॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरमधून सूर उमटतो. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ‘ईएस-१५०’ ही गिटार बाजारात आणली. अॅम्प्लिफायरसह तिची किंमत साधारण १५० डॉलर होती. तिच्यातील पिकअप कंपनीचे वॉल्टर फुलर यांनी तयार केला होता.

चार्ली ख्रिश्चन कोण होता?

त्याचा जन्म २९ जुलै १९१६ रोजी टेक्सास राज्यातील बॉनहॅम येथे झाला. लहानपणीच कुटुंब ओक्लाहोमा सिटीत आले. वडील संगीतकार होते, पण त्यांची दृष्टी गेली. पोटासाठी बाप-लेक रस्त्यावर वाजवत फिरत. चार्ली आधी नाचायचा, मग गिटार शिकला. तो १२ वर्षांचा असताना वडील गेले. त्यांची वाद्ये त्याच्याकडे आली.

शाळेच्या हस्तकला वर्गात तो सिगारच्या खोक्यांपासून गिटार बनवत असे, अशी आठवण त्याच शाळेत शिकलेले लेखक राल्फ एलिसन यांनी लिहून ठेवली आहे. चार्लीला खरे तर टेनर सॅक्सोफोन वाजवायचा होता. तो मिळाला नाही. पण पुढे त्याच्या गिटारवादनात सॅक्सोफोनची लांबलचक, वाहती चाल आली.

गिटार मागच्या रांगेत का होती?

त्या काळातील जॅझ बँडमध्ये दहा-पंधरा वादक असत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ड्रमपुढे लाकडी गिटारचा आवाज टिकत नसे. त्यामुळे गिटारवादकाने मागे बसून ताल धरायचा, एवढेच त्याचे काम. पिकअपमुळे हे बदलले. १९३७ च्या सुमारास एडी डरहॅम या वादकाची इलेक्ट्रिक गिटार चार्लीने पाहिली आणि लवकरच तो स्वतः ‘ईएस-१५०’ वाजवू लागला.

संगीत निर्माते जॉन हॅमंड यांनी त्याला ऑगस्ट १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला बोलावले. ‘स्विंगचा राजा’ म्हणून ओळखले जाणारे बेनी गुडमन यांना या मुलात फारसा रस नव्हता. हॅमंड यांनी त्याला कार्यक्रमाच्या वेळी परस्पर मंचावर नेले. याला येणार नाही, अशा समजुतीने गुडमन यांनी ‘रोझ रूम’ ही धून निवडली, असे सांगतात. चार्ली एकामागून एक नवे आवर्तन वाजवत गेला आणि ती एकच धून पाऊण तासाच्या आसपास चालली. त्याची निवड झाली. वर्णभेदाच्या त्या अमेरिकेत एक कृष्णवर्णीय तरुण देशातील सर्वांत गाजलेल्या गोऱ्या बँडप्रमुखाच्या शेजारी उभा राहिला.

त्याचे योगदान काय?

मार्च १९४१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सोलो फ्लाइट’मध्ये पूर्ण बँड मागे आणि गिटार पुढे आहे. गुडमन यांचा कार्यक्रम संपला की चार्ली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘मिंटन्स प्लेहाउस’ गाठायचा. तिथे थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी यांच्यासोबत रात्रभर मैफल चाले. ‘बीबॉप’ या नव्या जॅझची बीजे तिथे रुजली.

क्षयाने मात्र त्याला गाठले होते. या रोगावर गुणकारी औषध तेव्हा नव्हते. १९४१ च्या मध्यास तो न्यूयॉर्कच्या सीव्ह्यू रुग्णालयात दाखल झाला आणि २ मार्च १९४२ रोजी वारला. मोठ्या मंचावर त्याला दोन वर्षेही मिळाली नाहीत. बॉनहॅममधील त्याच्या कबरीवर कित्येक वर्षे साधा दगडही नव्हता. १९९० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्याची दखल घेतली.

मग लाकूड का कोरावे लागते?

महायुद्धानंतरच्या ‘ईएस-१५०’मध्ये नवा, आटोपशीर पिकअप आला. चार्लीचा गोल, उबदार सूर हवा असणाऱ्यांना जुना पिकअप दुसऱ्या गिटारमध्ये बसवणे भाग पडले. अडचण आकाराची होती. वरून फक्त एक पट्टी आणि तीन स्क्रू दिसतात, पण आत दोन लांबलचक चुंबक असतात. साध्या गिटारच्या खाचेत ते मावत नाहीत.

इतर पिकअपचेही असेच आहे. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये घरघर कमी करणारा ‘हंबकर’ तयार केला. त्यात एकाऐवजी दोन कॉइल असल्याने तो रुंद असतो. एका कॉइलच्या खाचेत तो बसवायचा तर खाच रुंद करावी लागते.

कोरण्यापूर्वी काय पाहावे?

भरीव गिटारमध्ये आधी पिकअपची लांबी, रुंदी आणि खोली मोजून साचा करावा. मग राउटर यंत्राने थोडे थोडे लाकूड काढावे. मानेजवळची खाच फार खोल गेली तर मानेचा जोड कमकुवत होतो. पोकळ गिटारमध्ये वरच्या फळीखाली आधारपट्ट्या असतात. त्या कापल्या गेल्या तर तारांच्या ताणाने फळी खचू शकते. पिकअपचे खांब तारांच्या बरोबर खाली येतात का, हेही आधी तपासावे.

चार्लीच्या पिकअपसारखा सूर देणारे, पण नेहमीच्या खाचेत बसणारे पिकअप आता मिळतात. गिटार जुनी किंवा घरातल्या कोणाची आठवण असेल तर आधी तेच वापरून पाहावेत. पिकअप काढून पुन्हा बसवता येतो. कोरलेले लाकूड परत येत नाही आणि जुन्या वाद्याची किंमतही उतरते. खुद्द चार्लीने कंपनीतून आली तशीच गिटार वाजवून नाव कमावले होते.