अ‍ॅडमचे सेवक : फादर हेन्री नोवेन

फादर हेन्री नोवेन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी तपसाधनेच्या प्रवचनांत ऐकले असेल. रेम्ब्राँ या चित्रकाराच्या चित्रावरून त्यांनी लिहिलेले उधळ्या पुत्राविषयीचे पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. मात्र आयुष्याची शेवटची दहा वर्षे हे धर्मगुरू कोठे राहिले आणि काय काम करीत होते, हे फारसे सांगितले जात नाही.

हेन्री यांचा जन्म २४ जानेवारी १९३२ रोजी नेदरलँड्समधील नायकेर्क या गावी झाला. १९५७ साली त्यांना उट्रेक्ट महाधर्मप्रांतासाठी गुरुदीक्षा मिळाली. पुढे त्यांनी मानसशास्त्राचा अभ्यास केला आणि ते अमेरिकेला गेले. नोत्र दाम विद्यापीठात त्यांनी शिकवले, येल विद्यापीठात १९७१ ते १९८१ अशी दहा वर्षे काढली आणि १९८३ पासून ते हार्वर्डमध्ये शिकवू लागले. त्यांची व्याख्याने ऐकायला गर्दी होई, पुस्तके हातोहात खपत. पण आतून हा माणूस एकटा पडत चालला होता. प्रार्थनेवर बोलणाऱ्याची स्वतःची प्रार्थना कोरडी झाली होती. १९८५ साली त्यांनी हार्वर्ड सोडले.

फ्रान्समधील त्रोली-ब्रुई या खेड्यात १९६४ साली ‘लार्श’ या संस्थेची सुरुवात झाली होती. लार्श म्हणजे तारू, नोहाचे तारू. बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसे आणि त्यांचे मदतनीस येथे एका घरात, एका कुटुंबासारखे राहतात. भारतातही १९७० साली बंगळूर येथे ‘आशा निकेतन’ या नावाने असे घर सुरू झाले. फादर हेन्री त्रोलीत सुमारे एक वर्ष राहिले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये कॅनडातील टोरांटोजवळच्या ‘डेब्रेक’ या लार्श समुदायात धर्मगुरू म्हणून दाखल झाले.

तेथे त्यांना राहायला एक घर मिळाले आणि कामही मिळाले. अ‍ॅडम नावाच्या पंचविशीतल्या तरुणाची सकाळची सर्व सेवा त्यांनी करायची होती. अ‍ॅडमला बोलता येत नव्हते. आधाराशिवाय चालता येत नव्हते, कपडे घालता येत नव्हते. त्याला अपस्माराचे झटके येत. लहानपणी आईवडिलांनी त्याला घरीच जपले, पण तो मोठा झाल्यावर त्याला उचलणे, सांभाळणे त्यांना झेपेना. काही वर्षे त्याला रुग्णालयात काढावी लागली आणि मग तो डेब्रेकला आला.

सकाळी त्याला उठवायचे, औषध द्यायचे, अंघोळ घालायची, दाढी करायची, दात घासून द्यायचे, कपडे घालायचे, धरून स्वयंपाकघरापर्यंत चालवत न्यायचे, न्याहारीला त्याच्याजवळ बसायचे आणि मग चाकाच्या खुर्चीतून त्याला दिवसभराच्या उपक्रमाच्या ठिकाणी पोहोचवायचे. यात दीड-दोन तास जात. फादर हेन्री घाबरून गेले होते. हा आपल्या हातून पडला तर? अंघोळीत झटका आला तर? घरातील कोणीही त्यांची पुस्तके वाचलेली नव्हती. त्यांच्या पदव्यांचा येथे काही उपयोग नव्हता.

सुरुवातीला ते घाई करीत. पुढची कामे डोक्यात असत, म्हणून अ‍ॅडमचे हात भराभर बाह्यांत घालत. अशा घाईच्या वेळी त्याला जोराचा झटका येई. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की ज्याला बोलता येत नाही, तो जणू शरीराने सांगतो आहे की जरा दमाने घ्या. तेव्हापासून त्यांनी वेग कमी केला. अ‍ॅडम चमचा स्वतः तोंडापर्यंत नेई. त्याला वेळ लागला तरी ते थांबत. अंघोळ घालताना त्याच्याशी बोलत आणि आपल्या मनातल्या चिंताही त्याला सांगत. पुढे एका पाहुण्याने त्यांना विचारले, इतका विद्वान माणूस या कामात वेळ का घालवतो? हे काम दुसरे कोणी करू शकणार नाही का? त्यावर हेन्रींना स्वच्छ जाणवले की या सोबतीत आपल्यालाच अधिक मिळते आहे. अ‍ॅडमला त्यांच्या कीर्तीशी काही देणेघेणे नव्हते. त्यांनी शांतपणे जवळ असावे, एवढेच त्याला हवे होते.

पण सेवा करणारा माणूसही मोडतो, हे विसरता कामा नये. १९८७ च्या अखेरीस एका जवळच्या मैत्रीत दुरावा आला आणि फादर हेन्री नैराश्यात कोसळले. समुदायाने त्यांना दूर लोटले नाही आणि कामालाही जुंपून ठेवले नाही. विनिपेग शहरी उपचारासाठी जाऊ दिले आणि सुमारे सहा महिन्यांनी परत घरात घेतले.

एकदा वॉशिंग्टनला व्याख्यान होते. हेन्रींनी डेब्रेकमधल्या बिल या सदस्याला बरोबर नेले. बिल व्यासपीठावर त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि वाचून झालेले एकेक पान घेऊन बाजूला ठेवू लागला. मध्येच त्याने सर्वांना ऐकू जाईल असे जाहीर केले की हे आपण पूर्वी ऐकलेले आहे. सभेत हशा पिकला. परतीच्या विमानात, हे आपण दोघांनी मिळून केले ना, अशी त्याने हेन्रींकडून खात्री करून घेतली. तसे ते खरेच होते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये अ‍ॅडम वारला. तो ३४ वर्षांचा होता. रजेवर असलेले हेन्री धावत आले. आपल्या या मित्राविषयी ते पुस्तक लिहू लागले, पण २१ सप्टेंबर १९९६ रोजी नेदरलँड्समध्ये हृदयविकाराने त्यांचेच निधन झाले. ते पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले.

आज ही कथा सांगताना एक कटू सत्यही सांगायला हवे. लार्शचे संस्थापक जाँ व्हानिए २०१९ साली वारले. संस्थेनेच करवलेल्या चौकशीत त्यांनी आध्यात्मिक अधिकाराचा गैरवापर करून प्रौढ महिलांचे लैंगिक शोषण केल्याचे २०२० साली उघड झाले, आणि २०२३ च्या अहवालात अशा महिलांची संख्या किमान २५ असल्याचे नमूद झाले. या महिला अपंग नव्हत्या. संस्थेने हे लपवले नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याचा विश्वास असतो, त्याच्यावर समाजाची नजर असलीच पाहिजे, मग तो कितीही थोर मानला जात असो. म्हणून अशा कार्याची पारख संस्थापकाच्या नावावरून करू नये. रोज सकाळी कोण किती हळुवारपणे बाहीत हात घालते, यावरून करावी.

प्रिय भाविकांनो, आपला मुलगा किंवा मुलगी आपल्यामागे कोणाच्या भरवशावर जगणार, या काळजीने रात्र रात्र जागणारे आईवडील प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांना नुसती कीव नको असते. रविवारी मिस्सानंतर त्यांच्या मुलाशी नावाने बोलावे, महिन्यातून एखादी दुपार त्याच्याजवळ बसून आईला बाहेर जाऊ द्यावे, त्याला भरवायला शिकून घ्यावे, एवढे आपण करू शकतो. फादर हेन्री हे सर्व वयाच्या ५४ व्या वर्षी शिकले. आपल्यालाही उशीर झालेला नाही.