आझादांचे पिस्तूल

गेल्या वर्षीच्या शैक्षणिक सहलीत आम्ही प्रयागराजला गेलो होतो. तिथले संग्रहालय एका मोठ्या बागेत आहे. त्या संग्रहालयात काचेच्या पेटीत एक पिस्तूल ठेवलेले आहे. ते चंद्रशेखर आझादांचे. इतक्या मोठ्या माणसाचे हत्यारही मोठे असेल असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात ते आपल्या तळहातापेक्षा थोडेच लांब आहे. आमच्यातल्या एकाने तर हे खेळण्यासारखे दिसते असे म्हटले. सोबत आलेल्या सरांनी त्याला काही बोलून दाखवले नाही. ते एवढेच म्हणाले की हे लहान का आहे याचा विचार करा. या लेखात मी तोच विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

चंद्रशेखर सीताराम तिवारी यांचा जन्म २३ जुलै १९०६ रोजी भाबरा या गावी झाला. हे गाव तेव्हा अलीराजपूर संस्थानात होते. आज ते मध्य प्रदेशात असून त्याचे नाव चंद्रशेखर आझाद नगर असे आहे. वडील सीताराम तिवारी मूळचे उन्नाव जिल्ह्यातील बदरका गावचे. आईचे नाव जगरानी देवी. घरची गरिबी होती. भाबऱ्याच्या आसपास भिल्लांची वस्ती. त्यांच्या मुलांबरोबर लहानगा चंद्रशेखर धनुष्यबाण चालवायला शिकला. पुढे बंदूक आणि पिस्तुलाचा जो नेम प्रसिद्ध झाला, त्याची सुरुवात तिथे झाली असे म्हणायला हरकत नाही.

मुलाने संस्कृत शिकून पंडित व्हावे अशी आईची इच्छा होती. चंद्रशेखर बनारसला शिकायला गेला. तिथे १९२१ साली असहकाराच्या चळवळीत त्याला अटक झाली. न्यायाधीशांनी नाव विचारले तेव्हा त्याने आपले नाव आझाद सांगितले, वडिलांचे नाव स्वतंत्रता आणि घर म्हणजे तुरुंग. शिक्षा झाली पंधरा फटक्यांची. तेव्हा त्याचे वय होते पंधरा. माझे वयही आज पंधराच आहे. आमच्याकडे परेडला पाच मिनिटे उशीर झाला तर मैदानाच्या चार फेऱ्या माराव्या लागतात आणि आम्ही दिवसभर त्याबद्दल कुरकुरतो. पंधरा फटके म्हणजे काय, याची मला खरोखर कल्पना करता येत नाही. त्या दिवसापासून तिवारी हे आडनाव मागे पडले आणि आझाद हे नाव कायमचे चिकटले.

चौरीचौऱ्यानंतर असहकाराची चळवळ थांबवण्यात आली. पुष्कळ तरुण निराश झाले. त्यांतले काही रामप्रसाद बिस्मिल यांच्या हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनमध्ये गेले. आझादही गेले. संघटनेला पैसे हवे होते. ९ ऑगस्ट १९२५ रोजी लखनौजवळ काकोरी येथे क्रांतिकारकांनी साखळी ओढून गाडी थांबवली आणि सरकारी खजिना काढून घेतला. त्यात आझाद होते. संघातील ते सर्वांत तरुणांपैकी एक होते.

काकोरीची गोष्ट आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. पण तिच्यातला एक भाग बहुतेक वेळा सांगितला जात नाही. त्या दिवशी क्रांतिकारकांकडे माउझर पिस्तुले होती. प्रवाशांना इजा करायची नाही असे ठरलेले होते. तरी मन्मथनाथ गुप्त यांच्या हातातील माउझरमधून चुकून गोळी सुटली आणि अहमद अली नावाचा एक प्रवासी ठार झाला. तो बायकांच्या डब्यात बसलेल्या आपल्या पत्नीकडे जाण्यासाठी खाली उतरला होता. मन्मथनाथ तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गोळीला हेतू समजत नाही. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्यापैकीच एक माणूस गेला, आणि दरोड्याचा खटला खुनाचाही झाला. डिसेंबर १९२७ मध्ये बिस्मिल, अशफाकउल्ला खान, राजेंद्र लाहिडी आणि रोशनसिंह यांना फाशी झाली. आझाद मात्र पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

आता पिस्तुलाच्या आकाराकडे येतो. माउझर हे फार जोरदार हत्यार होते, पण ते जवळजवळ एक फूट लांब आणि वजनाला एक किलोपेक्षा जास्त. त्याचा घोडा मागे बाहेर असतो आणि मॅगझिन चापाच्या पुढे लोंबते. असे हत्यार धोतर-सदरा घातलेल्या माणसाने रोज अंगावर बाळगणे कठीण. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार जवळ ठेवता येत नव्हते. म्हणजे पिस्तूल नुसते दिसले तरी पकडले जाण्यास तेवढे पुरेसे होते.

संग्रहालयातील पिस्तूल अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे आहे, .३२ बोअरचे. जॉन ब्राउनिंग यांनी तयार केलेला हा नमुना १९०३ साली बाजारात आला. त्याच्या नावातच पॉकेट हा शब्द आहे, म्हणजे ते खिशात ठेवण्यासाठीच बनवलेले. त्याचा घोडा वरच्या स्लाइडच्या आत झाकलेला असतो. त्यामुळे घाईने बाहेर काढताना तो कपड्यात अडकत नाही. कडा गुळगुळीत, अंग चपटे, वजन सुमारे सातशे ग्रॅम. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. सुरक्षेसाठी दोन सोयी आहेत. एक खटका अंगठ्याने लावायचा. दुसरी सोय मुठीच्या मागच्या बाजूला असते. मूठ नीट घट्ट धरल्याशिवाय पिस्तूल उडतच नाही. जे हत्यार दिवसभर माणसाच्या पोटाशी किंवा मांडीशी असते, ते आपोआप उडणार नाही याची काळजी बनवणाऱ्याने घेतलेली आहे. हे वाचल्यावर मला सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. ते लहान आहे कारण ते दिसू नये.

उरलेले अर्धे उत्तर आझादांच्या आयुष्यात आहे. काकोरीनंतर साडेपाच वर्षे ते भूमिगत राहिले. त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावलेले होते. झाशीत त्यांनी मोटार गॅरेजमध्ये काम केले आणि मोटार चालवायला शिकले. ओरछ्याजवळ सातार नदीच्या काठी ते हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने झोपडीत राहिले. गावातल्या मुलांना ते शिकवीत. त्या जंगलात नेमबाजीचा सरावही चाले. गावकऱ्यांना ते साधे ब्रह्मचारी वाटत. म्हणजे नुसते पिस्तूल लपवून भागत नव्हते. चालणे, बोलणे, नाव, गाव, सगळेच लपवावे लागत होते.

झाशीत त्यांना जे साथीदार मिळाले त्यांत सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन ही मराठी घरांतली मुले होती. झाशीत मराठी कुटुंबे राणी लक्ष्मीबाईंच्याही आधीपासून आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या शाळेत मराठी पान लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून बरे वाटले. खेडचे शिवराम हरी राजगुरू हेही आझादांच्याच दलात होते.

सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात बैठक होऊन संघटनेच्या नावात सोशलिस्ट हा शब्द आला आणि आझाद तिच्या सैनिकी विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला लाहोरला साँडर्सवर हल्ला झाला. मारायचे होते स्कॉट या अधिकाऱ्याला, पण बाहेर आला साँडर्स. राजगुरू आणि भगतसिंग यांनी गोळ्या झाडल्या. ते पळत असताना चननसिंह नावाचा हवालदार त्यांच्या मागे धावला. मागे राखण करीत असलेल्या आझादांनी त्याच्यावर गोळी झाडली आणि तो मरण पावला. तो हिंदीच होता आणि आपली नोकरी करीत होता. हा प्रसंग मी गाळणार होतो. पण आझादांचे चरित्र लिहायचे तर त्यांचे पिस्तूल कोणावर चालले हेही लिहिले पाहिजे.

त्यानंतर लाहोरातून निसटण्याची हकीकत तर प्रसिद्धच आहे. भगतसिंग हॅट आणि ओव्हरकोट घालून साहेब झाले. दुर्गाभाभी त्यांच्या पत्नी म्हणून बरोबर निघाल्या, त्यांचा लहान मुलगा शची कडेवर होता, आणि राजगुरू नोकर बनले. पोलिसांनी भरलेल्या स्टेशनातून ही मंडळी खिशात भरलेले पिस्तूल घेऊन गेली. आझाद साधूच्या वेशात वेगळे निघाले. सगळे सुखरूप पोचले. पण एवढीशी शंका आली असती तर गोळीबार झाला असता, आणि मध्ये ते लहान मूल होते. धाडसाची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. दुर्गाभाभींच्या मनात त्या वेळी काय असेल, याचा मी आधी कधी विचार केला नव्हता.

सगळ्यांना असे नशीब मिळाले नाही. सप्टेंबर १९२९ मध्ये सदाशिवराव मलकापूरकर आणि भगवानदास माहौर हे दोघे भुसावळ स्टेशनावर पकडले गेले. त्यांच्या सामानाची झडती झाली आणि त्यात शस्त्रे सापडली. पुढे जळगावच्या न्यायालयात फेब्रुवारी १९३० मध्ये माफीच्या साक्षीदारांवर माहौरांनी पिस्तूल झाडले. ते पिस्तूल पहाऱ्यातून लपवून त्यांच्यापर्यंत पोचवले गेले होते. दोघांनाही मोठ्या शिक्षा झाल्या. त्याच वर्षी २८ मे रोजी दुर्गाभाभींचे पती भगवतीचरण व्होरा रावीच्या काठी बॉम्बची चाचणी घेताना मरण पावले. एकेक करून आझादांचे साथीदार कमी होत गेले.

फेब्रुवारी १९३१ मध्ये आझाद अलाहाबादला होते. ते जवाहरलाल नेहरूंना गुपचूप भेटले. सरकार आणि काँग्रेस यांच्यात समझोता झाला तर आपल्यासारख्यांना माणसासारखे जगता येईल का, की आपल्यामागे पोलीस तसेच लागतील, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. नुसत्या दहशतीच्या मार्गाने काही होणार नाही असे आपल्याला व साथीदारांना पटले आहे, हेही त्यांनी सांगितले. मात्र केवळ शांततेने स्वातंत्र्य मिळेल यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. नेहरूंनी ही भेट आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. मला ही भेट सगळ्यात जास्त लक्षात राहिली. इतकी वर्षे हत्यार अंगावर वागवणारा माणूस ते खाली ठेवता येईल का, असेच जणू विचारीत होता. त्या प्रश्नाला नक्की उत्तर मिळाले नाही.

२७ फेब्रुवारी १९३१ च्या सकाळी आझाद आल्फ्रेड पार्कमध्ये सुखदेवराज या साथीदाराशी बोलत बसले होते. खबर मिळाल्यामुळे पोलीस अधीक्षक नॉट-बॉवर तिथे आले. गोळीबार सुरू झाला. आझादांच्या मांडीला गोळी लागली. त्यांनी सुखदेवराजला निघून जायला लावले आणि झाडाच्या आडोशाने ते एकटे लढत राहिले. त्यांच्या गोळ्यांनी नॉट-बॉवर आणि उपअधीक्षक विश्वेश्वरसिंह हे दोघे जखमी झाले. जिवंत हाती लागायचे नाही असे त्यांनी फार आधी ठरवलेले होते. शेवटची गोळी त्यांनी स्वतःवर झाडली. वय होते चोवीस वर्षे सात महिने. रसूलाबाद घाटावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. समझोता झाला तो त्यानंतर सहाच दिवसांनी, ५ मार्चला.

पिस्तूल नॉट-बॉवर यांच्याकडे गेले आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडला पोचले. पुष्कळ वर्षांनी ते भारतात परत आले. आता ते त्याच बागेतल्या संग्रहालयात आहे, आणि बागेला आझादांचे नाव आहे. जगरानी देवींना शेवटच्या वर्षांत सदाशिवराव मलकापूरकरांनी झाशीला नेऊन मुलाप्रमाणे सांभाळले. १९५१ साली त्या वारल्या.

आता थोडे स्वतःबद्दल. सहलीच्या आधी एकदा फायरिंग रेंजवर माझ्याकडून चूक झाली होती. काहीतरी विचारण्यासाठी मी रायफल हातात असतानाच मागे वळलो. नळी शेजारच्या कॅडेटकडे गेली. उस्तादांनी हाताने नळी खाली दाबली आणि मला रेंजवरून बाहेर काढले. महिनाभर मला फायरिंग मिळाले नाही. रायफल रिकामी होती, म्हणून मला ती शिक्षा अन्यायाची वाटली. कोतमधून रायफल सही करून घ्यायची, गोळ्या मोजून घ्यायच्या, रिकामी काडतुसेही मोजून परत द्यायची, हे सगळे मला उगीचच वाटत असे.

अहमद अलींबद्दल वाचल्यानंतर मला तसे वाटत नाही. मन्मथनाथ माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे होते. आमचे हत्यार उघड असते, त्यावर क्रमांक असतो, आमच्या नावावर ते लिहिलेले असते आणि संध्याकाळी ते कोतमध्ये परत जाते. आझादांचे हत्यार रात्रीही परत जात नव्हते. त्याची नोंद कुठेच नव्हती. ते कधी काढायचे आणि कधी नाही, हे ठरवायला त्यांच्या पाठीशी कोणी उस्ताद उभा नव्हता. स्वतंत्र देशातल्या सैनिकाला ती पाळी येत नाही, आणि ती येऊ नये म्हणूनच ते लढले असे मला वाटते.

या सत्रात मला पुन्हा रेंजवर घेतले आहे. गोळ्या मोजून घेताना मी आता कुरकुरत नाही.

जय हिंद!