थॉमस स्टीफन्स : लॅटिनचा विद्यार्थी, कोकणीचा वैयाकरण

‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून फादर थॉमस स्टीफन्स मराठीच्या अभ्यासकांना चिरपरिचित आहेत. भाषेचे विद्यार्थी म्हणून त्यांचा विचार त्या मानाने थोडा झाला. इंग्रजीने गमावलेली नामांची लिंगव्यवस्था त्यांना प्रथम लॅटिनने दाखविली, आणि हीच शिदोरी त्यांना साष्टीत उपयोगी पडली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी इंग्रज शाळांतून राजाज्ञेने मान्य झालेले लिलीचे लॅटिन व्याकरण चाले. ‘हिक, हेक, होक’ ही दर्शक सर्वनामे नामाला जोडून मुले त्याचे लिंग घोकीत. नामांचे पाच वर्ग आणि सहा विभक्ती पाठांतराने साध्य होत. खरी अडचण विशेषणाची. ‘पोएता’ म्हणजे कवी. हे नाम ‘मुसा’ या देवतावाचक स्त्रीलिंगी नामाप्रमाणेच चालते. तरीही चांगला कवी ‘पोएता बोनुस’ होतो आणि चांगली देवता ‘मुसा बोना’. विशेषण नामाचा अन्त्य वर्ण पाहत नाही. लिंग, वचन व विभक्ती पाहते. अन्त्याशी अन्त्य जुळविणारा विद्यार्थी येथे हमखास चुके.

1575 मध्ये स्टीफन्स रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले. तेथील अध्ययनाची भाषा लॅटिनच होती. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन सोडून ते 24 ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढे 1583 मध्ये आपल्या बंधूस लिहिलेल्या लॅटिन पत्रात, येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी नोंदविले. विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान 1786 चे. स्टीफन्स यांचे पत्र मात्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशित राहिले. म्हणून त्यांना तौलनिक भाषाशास्त्राचे जनक ठरविणे अतिशयोक्तीचे होईल. साम्य त्यांनी पाहिले, समान उगम सांगितला नाही.

हे साम्य कोठे दिसते? आजच्या मराठीतील उदाहरण घेऊ. भाऊ, सासू, लिंबू ही तिन्ही नामे ऊकारान्त; पण मोठा भाऊ, मोठी सासू, मोठे लिंबू. ‘पोएता बोनुस’ शिकलेल्यास हे नवे नव्हते. पुढे मात्र वाट वेगळी होते. मोठ्या भावाला, मोठ्या सासूला, मोठ्या लिंबाला असे म्हणताना विशेषणातील लिंगभेद पुसला जातो, आणि विभक्तिप्रत्यय एकट्या नामाला लागतो. लॅटिनमध्ये विशेषणही स्वतःची विभक्ती धारण करते. शिवाय ‘सुंदर’, ‘लाल’ यांसारखी आपली विशेषणे मुळीच विकार पावत नाहीत.

‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे 11,000 ओव्यांच्या या ग्रंथानंतर तीनच वर्षांनी, 1619 मध्ये, स्टीफन्स निवर्तले. त्यांचे कोकणीचे व्याकरण ‘आर्ते दा लिंग्वा कानारीं’ दियोगु रिबेरु आदींनी भर घालून 1640 मध्ये रायतूरलाच मुद्रित केले. ते पोर्तुगीजमध्ये असून लॅटिन व्याकरणाच्या साच्यावर बेतलेले आहे. हा साचा परका, असा आक्षेप घेतला जातो, आणि विभक्तींपुरता तो रास्तही आहे. परंतु संस्कृतच्या सात विभक्तींचा साचा तरी मराठीला कोठे नेमका बसला? विशेषणाच्या बाबतीत लॅटिनच्या विद्यार्थ्याची दृष्टी तयार होती, हे आक्षेपकांनी लक्षात घेतलेले नाही. कुन्य रिव्हारा यांनी 1857 मध्ये हे व्याकरण पुन्हा छापले, तेव्हा दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणाला एकवीस वर्षे लोटली होती.