र. धों. कर्वे : नग्नतेचा तिसरा अर्थ

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव घेताच संततिनियमन, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक आणि अश्लीलतेचे खटले या तीन गोष्टी आठवतात. त्यांनी केलेला नग्नतेचा पुरस्कार मात्र एका विक्षिप्त विद्वानाची लहर म्हणून बहुधा बाजूला सारला जातो. एटापल्लीसारख्या ठिकाणी कर्वे वाचताना आणि शिकवताना तसे करता येत नाही. या तालुक्यातील माडिया गोंड समाजात अलीकडच्या काळापर्यंत कमरेपुरते वस्त्र हाच अनेकांचा नित्याचा पोशाख होता. त्यामुळे उघडे शरीर आणि लज्जा यांचा संबंध काय, हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी राहत नाही. त्या प्रश्नाच्या अनुषंगाने कर्व्यांचे जीवन पुन्हा पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. १८९१ मध्ये बाळंतपणात त्यांच्या आईचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी वडिलांनी, म्हणजे धोंडो केशव कर्वे यांनी, विधवेशी विवाह केला आणि कुटुंबाला गावचा बहिष्कार सोसावा लागला. आईचा मृत्यू शरीरधर्मातून आला होता, तर बहिष्कार लोकरूढीतून. या दोन्ही गोष्टींचा मेळ पुढे त्यांच्या विचारात पडलेला दिसतो. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि गणिताचे प्राध्यापक झाले. उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळेच १९२५ च्या सुमारास त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत, पत्नी मालतीबाईंच्या साथीने व त्यांच्या मृत्यूनंतर एकट्याने, कर्व्यांनी ते तोट्यात चालवले.

या मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्र असे आणि आत युरोपातील नग्नतावादी चळवळीचे समर्थन असे. ही चळवळ विसाव्या शतकाच्या आरंभी प्रामुख्याने जर्मनीत वाढली. गिरण्या, कचेऱ्या आणि दाट वस्ती यांत अडकलेली माणसे सुटीच्या दिवशी तळ्याकाठी वा माळावर जात आणि कपड्यांबरोबर हुद्दा व श्रीमंतीची खूणही उतरवून ठेवत. ऊन, वारा, पोहणे आणि स्वस्थ पडून राहणे एवढाच तिचा कार्यक्रम होता. १९३३ मध्ये नाझी राजवटीने तिच्यावर बंदी आणली. महाराष्ट्रातही याचा एक विस्मृत पूर्वप्रयोग झाला होता. ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी १८९१ मध्ये अशी एक संघटना काढली होती. परंतु ती तिघा युरोपीय सभासदांपुरतीच राहिली आणि अल्पावधीतच विरली.

कर्व्यांचे वेगळेपण मराठी परंपरेच्या पार्श्वभूमीवरच उमगते. मराठी मनाला नग्नता दोन अर्थांनी परिचित होती. एक दिगंबराची, म्हणजे देहावर पाणी सोडलेल्या विरक्ताची, दुसरी शृंगाराची. पहिली पूज्य होती आणि दुसरी चोरटी. कर्व्यांनी तिसरा अर्थ पुढे केला. शरीर हे सोडून देण्याचे वा भोगण्याचेच नसून निरोगी आणि निवांत ठेवण्याचेही आहे. उघड्या त्वचेला ऊन-वारा लागणे ही आरोग्याची बाब आहे. आणि लज्जा ही उपजत नसून सवयीने अंगी येते, अशी ही भूमिका होती. संततिनियमनामागेही हीच दृष्टी होती. देहाला पापाच्या कक्षेतून बाहेर काढल्याशिवाय त्याविषयी शास्त्रीय बोलणे शक्य नव्हते. म्हणूनच नग्नतेचा पुरस्कार हे त्यांच्या विचाराचे परिशिष्ट मानण्यापेक्षा अधिष्ठान मानणे अधिक युक्त ठरेल.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये दुसरा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही २०० रुपये दंड झालाच.

तथापि कर्व्यांच्या भूमिकेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ज्या निवांतपणाचा त्यांनी पुरस्कार केला, तो त्यांच्या मध्यमवर्गीय वाचकाच्या वाट्याला कधी आला नाही. चाळीत राहणाऱ्या त्या वाचकाला ना तळे होते ना एकांत. त्याच्या हाती उरले ते फक्त चित्र. तेही स्त्रीचे. जगण्याची म्हणून सांगितलेली गोष्ट अशा रीतीने पाहण्याची गोष्ट झाली. स्त्रीस्वातंत्र्याचा इतका खंदा कैवारी ‘शारदेची पत्रे’ स्त्रीच्या नावाने लिहीत होता. परंतु मुखपृष्ठावरील स्त्री अबोलच राहिली.

आता एटापल्लीकडे वळू. येथील अल्प वस्त्र हा कोणताही वाद नव्हता. हवामान, श्रम, रूढी आणि दारिद्र्य या सर्वांचा त्यात वाटा होता. त्याला रम्य निसर्गजीवन म्हणणे ही शहरी कल्पना होईल. मात्र त्या वस्त्रात अश्लील असे काही आहे, ही जाणीव बाजार, कचेरी आणि शाळा यांच्या मार्गाने बाहेरूनच आली. लज्जा शिकवली जाते हे कर्व्यांचे प्रमेय मुंबईत तर्काने सिद्ध करावे लागत होते. येथे ते दोन-तीन पिढ्यांच्या इतिहासात दिसते. आणि त्याला एक पुरवणीही जोडावी लागते. युरोपातील नग्नतावादी स्वेच्छेने कपडे उतरवत होता आणि संध्याकाळी पुन्हा चढवून सन्मानाने घरी परतत होता. माडिया माणसाला मात्र उघडेपणाबद्दल मागास ठरवले गेले आणि प्रवाशांच्या कॅमेऱ्यांनी त्याचेही चित्र केले. उघडेपणाचा विसावा ज्याच्याजवळ निवडीचा अधिकार आहे त्यालाच लाभतो.

कर्व्यांनी शरीराला पापातून सोडवण्यासाठी आयुष्य वेचले. पाहणाऱ्याच्या नजरेतून त्याला सोडवणे हे काम शिल्लक आहे. ‘समाजस्वास्थ्य’चे अंक अभ्यासणाऱ्याने मुखपृष्ठ आणि मजकूर यांतील हे अंतर ध्यानात ठेवले, तर कर्व्यांचे मोठेपण उणावत नाही, उलट त्यांचा प्रश्न आपल्यापर्यंत अधिक स्पष्टपणे येऊन पोहोचतो.