डॉ. लिट्ल यांचा डावा पाय

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी मावशीकडे गेले होते. माझा मावसभाऊ नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याच्या उजव्या हाताचे स्नायू ताठर राहिले आहेत. मूठ घट्ट मिटलेली असते आणि अंगठा तळव्यात दडलेला असतो. बोलणेही थोडे अडखळत. खरे सांगायचे तर, त्याला भूक लागली आहे का, हेसुद्धा मी आजवर त्याला न विचारता मावशीलाच विचारीत असे.

मावशी त्याला हाताच्या व्यायामासाठी नेते. एके दिवशी मीही सोबत गेले. तेथे एक लहानसे यंत्र होते. त्याची बोटे एकेक करून त्या यंत्राला अडकविली होती आणि समोरच्या पडद्यावर एक मासा पोहत होता. बोटे उघडली की मासा वर येई, मिटली की खाली जाई. हा हाताचा रोबोट आहे, असे तेथील बाईंनी सांगितले. हा विकार प्रथम कोणी ओळखला, असे मी त्यांना सहज विचारले. त्यांनी डॉ. लिट्ल यांचे नाव घेतले. सुट्टी संपल्यावर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. तेच येथे सांगते.

विल्यम जॉन लिट्ल यांचा जन्म ७ ऑगस्ट १८१० रोजी लंडनमध्ये झाला. वडील एक खानावळवजा सराई चालवीत. विल्यम दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला. जीव वाचला, पण डावा पाय दुबळा झाला आणि पाऊल आत वळले. खेळाच्या मैदानावर त्याच्या वाट्याला चेष्टा आली. पुढे शिक्षणासाठी तो फ्रान्समध्ये राहिला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो एका औषध देणाऱ्या वैद्याकडे उमेदवारी करू लागला आणि १८२८ साली लंडन हॉस्पिटलमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला. वैद्यकशास्त्राकडे तो वळला, त्यामागे स्वतःच्या पायाचा विचार होताच.

त्या काळी वाकड्या पावलावर खात्रीचा उपाय नव्हता. टाचेमागची आखडलेली शीर कापली तर पाऊल सरळ होईल, ही कल्पना होती. परंतु जखम चिघळण्याचे भय मोठे होते. लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ मध्ये आली आणि शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची पद्धत १८४६ मध्ये रूढ होऊ लागली. म्हणजे हे दोन्ही आधार तेव्हा नव्हते. लंडनमधील जाणत्या शल्यवैद्यांनी तरुण लिट्ल यांना या फंदात न पडण्याचाच सल्ला दिला.

लिट्ल यांनी तो मानला नाही. १८३४ च्या सुमारास ते जर्मनीस गेले. हॅनोव्हर येथे लुई स्ट्रोमायर नावाच्या शल्यवैद्याने १८३१ पासून एक निराळी रीत अवलंबिली होती. मोठी चीर न देता कातडीला अगदी लहानसे छिद्र पाडायचे आणि बारीक सुरीने आतल्या आत शीर कापायची. जखम उघडी न राहिल्याने ती चिघळत नसे. ६ जून १८३६ रोजी स्ट्रोमायर यांनी लिट्ल यांच्या पायावर ही शस्त्रक्रिया केली, अर्थातच भूल न देता.

पण शीर कापल्याने काम संपत नसे. त्यानंतर पाऊल एका फळीच्या यंत्रात बसवून दररोज थोडे थोडे ताणावे लागे. काही आठवड्यांत लिट्ल यांचे पाऊल जमिनीवर सपाट टेकले. बालपणापासून जे झाले नव्हते ते पंचविसाव्या वर्षी झाले.

तेथून ते बर्लिनला गेले. तेथील प्रख्यात शल्यवैद्य डीफेनबाख यांचा या रीतीवर विश्वास नव्हता. लिट्ल यांचा पाय पाहिल्यावर तो बसला आणि तेही अशा शस्त्रक्रिया करू लागले. लिट्ल यांनी वाकड्या पावलावर लॅटिन भाषेत प्रबंध लिहून १८३७ मध्ये बर्लिनची पदवी मिळविली. त्याच वर्षी लंडनला परतून त्यांनी स्ट्रोमायर यांच्या रीतीने पहिली शस्त्रक्रिया केली. पुढे लंडनमध्ये अस्थिव्यंगांसाठी त्यांनी दवाखाना उभारला. तोच पुढे रॉयल ऑर्थोपीडिक हॉस्पिटल म्हणून ओळखला गेला. आपल्या एका मुलाचे नाव त्यांनी लुई स्ट्रोमायर लिट्ल असे ठेवले. कृतज्ञता व्यक्त करण्याची ही रीत मला फार आवडली.

या दवाखान्यात एक वेगळ्याच प्रकारची मुले येऊ लागली. त्यांच्या पायांत कात्री पडे, गुडघे एकमेकांवर घासत, हात कोपरात वाकलेले आणि मुठी मिटलेल्या असत. हा पोलिओ नव्हता. पोलिओत स्नायू लुळे पडतात, येथे ते ताठर होते. ज्याने स्वतः पोलिओ भोगला होता त्याच्या नजरेतून हा फरक कसा सुटेल? लिट्ल यांनी वीस वर्षांहून अधिक काळ अशी मुले पाहिली आणि प्रत्येकाच्या आईकडून जन्माची हकीकत विचारून घेतली. कोणी दिवस भरण्याआधी जन्मले होते, कोणाचे बाळंतपण अडले होते, कोणी जन्मतःच रडले नव्हते.

१८६१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे त्यांनी हे सारे मांडले. जन्मकाळी श्वास कोंडल्याने मेंदूला इजा होते आणि त्यातून हा ताठरपणा येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे अशी एक गोष्ट त्या निबंधात आहे. अकाली जन्म आणि शरीराचे व्यंग यांचा संबंध वैद्यकाच्या ग्रंथांत त्यांना सापडला नाही. तो सापडला शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डमध्ये!

पुढे हा विकार लिट्ल यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांचे सगळेच म्हणणे टिकले असे मात्र नाही. मनोविश्लेषणामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये या विकारावर मोठा ग्रंथ लिहिला. अडलेले बाळंतपण हे कधी कधी मूळ कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे लक्षण असू शकेल, अशी शंका त्यांनी घेतली. जन्मवेळी श्वास कोंडणे हे थोड्याच मुलांच्या बाबतीत कारण असते, असे आजचे संशोधन सांगते. अकाली जन्माचा संबंध मात्र पक्का ठरला आहे.

लिट्ल यांचे आणखी एक निरीक्षण आजही खरे आहे. अशा मुलांपैकी काहींची बुद्धी मुळीच बाधित नसते, हे त्यांनी नोंदविले होते. या गोष्टीला दीडशेहून अधिक वर्षे झाली. तरीही माझ्या मावसभावाला एका शाळेत, त्याला काही कळायचे नाही, असे ठरवून प्रवेश नाकारण्यात आला. त्याला एक प्रश्नसुद्धा विचारला गेला नाही. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली ती अशा मुलांना शिकता यावे म्हणूनच. शिकविणारे भेटले की ही मुले शिकतात, हे तेव्हापासून आपल्याकडेही अनेकांनी पाहिले आहे.

लिट्ल उतारवयात केंट परगण्यात राहावयास गेले. ७ जुलै १८९४ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दुसरे एक चिरंजीव अर्नेस्ट म्युरहेड लिट्ल हेही अस्थिव्यंगांचे शल्यवैद्य झाले.

हे वाचताना मला तो हाताचा रोबोट पुन्हा पुन्हा आठवत होता. स्ट्रोमायर यांच्या फळीचे काम पाऊल ताणण्याचे. पाय तिला निमूटपणे सोपवायचा. या नव्या यंत्राची रीत वेगळी आहे. मुलाने बोट उघडण्याचा स्वतः प्रयत्न करावा म्हणून ते थांबते, त्याचा जोर मोजते आणि कमी पडेल तेवढीच मदत करते. जोर वाढला की मदत घटते. एका बैठकीत शेकडो वेळा तीच हालचाल होते, कारण मेंदू शिकतो तो सरावानेच. यंत्राने विकार बरा होत नाही. त्याचे अभ्यासही बहुधा थोड्या मुलांवर झालेले आहेत. बाईंच्या हाताचा व्यायाम आणि घरी पेला धरण्याचा, गुंड्या लावण्याचा सराव सुटत नाही. पण खेळाच्या नादात मूल कंटाळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले.

त्या दिवशी मासा वर यायला फार वेळ लागला. मी मावशीकडे वळून विचारणार होते, की हा दमला असेल का? लिट्ल यांचे नाव तेव्हा मी जेमतेम ऐकले होते, म्हणून तसे विचारलेही. आता दिवाळीत मी पुन्हा जाणार आहे. या वेळी मी त्यालाच विचारीन आणि उत्तर येईपर्यंत थांबेन.